काळ्या मातीवरचं जुनं घर आणि कोपऱ्यातली भेग

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. परभणीत १९८६ साली बांधलेलं घर आहे, साधारण तीस बाय तीस फुटांचं. दगडी पाया, नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, कॉलम नाहीत. मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत खिडकीपासून स्लॅबपर्यंत तिरकी भेग गेलीय, तिच्यात करंगळीचं टोक जातं. मधल्या खोलीत शहाबादी फरशी किंचित फुगलीय. तुम्ही घर मे महिन्यात पाहिलंत. मालक म्हणतात, "प्लास्टरची भेग आहे, वीस वर्षं तशीच आहे." दलाल म्हणतो, आणखी दोन गिऱ्हाइकं रांगेत आहेत. भाव गल्लीतल्या इतर घरांपेक्षा कमी आहे, आणि पुढे वर एक मजला चढवायचा तुमचा विचार आहे. पाया दुरुस्त होतो का, आणि हे घर घ्यावं का, एवढंच तुम्हाला हवंय.

पाया दुरुस्त होतो. पुरेसे पैसे ओतले तर जवळजवळ कुठलाही पाया दुरुस्त होतो, म्हणून त्या प्रश्नाच्या उत्तराचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. मी मराठवाड्यात सव्वीस वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जुन्या घरांची कहाणी तुमच्यासारखीच असते. अशा वेळी मी आधी दोनच गोष्टी बघते. घर अजून हलतंय का, आणि हलत असेल तर कशाने? दुरुस्ती कोणती आणि किती, हे त्याच्यावरून ठरतं. भाव वाजवी आहे का, हेही त्याच्यावरूनच कळतं.

आधी माती. आपल्याकडची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे आणि तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगांत हात घालून पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. शेतकऱ्याला ती बरीच, जमीन आपोआप उकरली जाते. घराला मात्र ती दरवर्षी एकदा उचलते आणि एकदा खाली सोडते. ऋतूनुसार ओल बदलते ती साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत, असं आपण धरतो. ऐंशीच्या दशकातल्या घरांचे दगडी पाये तीन-चार फुटांवर थांबलेले असतात. म्हणजे तुमचं घर बहुधा त्या हलत्या थरावरच बसलंय.

यात एक गंमत आहे, ती समजली की निम्मं निदान झालं. घराखालची माती झाकलेली असते, तिथली ओल उडून जात नाही, उलट वर्षानुवर्षं साठते. कडेची माती मात्र उन्हात भाजून निघते. त्यामुळे मधला भाग वर राहतो आणि उन्हाळ्यात कोपरे खाली जातात. कोपरा खाली गेला की भेग वर रुंद आणि खाली निमुळती होते. घराचा मधला भाग खचला असता तर उलटं झालं असतं, खाली रुंद आणि वर बारीक. तुमची फुगलेली फरशी आणि कोपऱ्यातली तिरकी भेग या दोन्ही एकाच आजाराच्या खुणा असू शकतात. भेग वर रुंद आहे का, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी बघा. आतून दिसणारी भेग बाहेरच्या बाजूनेही त्याच जागी आहे का, तेही बघा. आरपार असेल तर ती प्लास्टरची नाही, मालक काहीही म्हणोत.

सगळ्याच भेगा पायाच्या नसतात, हेही सांगून ठेवते, नाहीतर घाबरून चांगलं घर सोडाल. स्लॅबच्या लगत खालून सरळ आडवी गेलेली भेग बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची असते. भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेषा प्लास्टरच्या. स्लॅबखाली सळईच्या रेषेत भेग आणि तांबूस डाग असेल तर सळई गंजतेय. तो वेगळा खर्च आहे, आणि चाळीस वर्षांच्या स्लॅबला तो असतोच, तेवढा धरून चला. रुंदीसाठी मी ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची वर्गवारी वापरते. ५ मिलिमीटरपर्यंत मुख्यतः दिसण्याचा प्रश्न, ५ ते १५ मध्यम आणि दारं-खिडक्या अडकू लागतात, १५ ते २५ गंभीर, २५च्या पुढे भिंतीच्या स्थैर्याचीच काळजी. करंगळीचं टोक म्हणजे ८-१० मिलिमीटर. घर उद्या पडणार नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही ही भेग नाही.

आता घर पुन्हा बघायला जा, आणि या वेळी दलालाला चहाला पाठवा. ताजा रंग फसवतो, म्हणून जिथे कुणी रंग देत नाही तिथे बघा. भिंतीतल्या कपाटाच्या आत, माळ्यावर, जिन्याखाली, देवघराच्या मागे. दारांच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा. एका बाजूला रंग आणि दुसऱ्या बाजूला कोरं, रंधा मारलेलं लाकूड लागलं तर समजा की चौकट तिरकी झाली म्हणून दार तासलंय. नुसतं पावसाळ्यात दार अडकतं एवढ्यावर जाऊ नका, लाकूड तेव्हा फुगतंच. पण बंद दार आणि चौकट यांच्यात एका टोकाला फट आणि दुसऱ्या टोकाला घट्ट, हे लाकडाचं काम नाही. मग गवंडी वापरतात तो पाण्याचा पारदर्शक लेव्हल पाइप मागवा आणि जोत्याच्या पट्टीवर चारही कोपऱ्यांना खुणा करा. जोतं बांधताना एका पातळीत होतं असं धरलं तर कोण किती खाली गेलाय ते अर्ध्या तासात दिसतं. १० फुटांत १ सेंटीमीटर म्हणजे सुमारे ३००ला १, इथपासून भिंतींना तडे जायला लागतात. याच्या दुप्पट झालं की मी गंभीर होते. जुन्या गवंड्याची चूक आणि खरा खचाव यांतला फरक ओळखायला फरशीची पातळीही घ्या.

शेजारच्या घरांकडेही पाहून घ्या, आणि कंपाऊंडच्या भिंतीकडे. हलकी बांधकामं सगळ्यांत आधी हलतात. गल्लीत सगळ्यांच्याच भिंती तडकल्या असतील तर दोष मातीचा. एकट्या याच घराला भेग असेल तर त्या घराचं स्वतःचं काहीतरी कारण आहे, आणि माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा पाणी असतं.

पाण्याचं एक उदाहरण सांगते. एका निवृत्त शिक्षकांच्या घराचा कोपरा उचलला गेला होता, होय, खचलेला नाही, उचललेला. दोन ठेकेदारांनी पायाखालून नवा पाया घालायचा भाव दिला होता. आम्ही मोरीत नीळ कालवलेलं बादलीभर पाणी ओतलं आणि बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून बसलो. दहा मिनिटं झाली, चेंबरमध्ये निळ्याचा टिपूस नाही. जोत्याखालचा मातीचा पाइप जोडावर फुटला होता आणि कित्येक वर्षं मोरीचं सगळं पाणी त्या कोपऱ्याला पाजत होता. पाइप बदलला, पन्हळीचं पाणी लांब नेलं आणि दोन वर्षं काहीही केलं नाही. कोपरा बराचसा खाली आला. उरलेल्या भेगा मग भरल्या. पाया कुणी उघडलाही नाही.

तुम्हीही हे करू शकता. नीळ टाकून बघा. चेंबरचा बाहेर जाणारा पाइप गोळा कोंबून बंद करा, पाणी भरून खूण करा, तासाभराने पातळी बघा. सगळे नळ बंद करून टाकीची पातळी रात्री आणि सकाळी मोजा. गच्चीच्या पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडतंय का, बाग भिंतीला खेटून आहे का, शोषखड्डा किती जवळ आहे, सगळं लिहून काढा. मोठं झाडही पाण्याचाच मामला, फक्त उलटा, ते मातीतलं पाणी ओढतं. निंब किंवा उंबर त्याच्या उंचीइतक्या अंतराच्या आत असेल तर संशयित धरा. पण घर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कुऱ्हाड चालवू नका. एक तर शहरी भागात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. दुसरं म्हणजे जुनं झाड गेलं की सुकलेली माती पुन्हा पाणी घेऊन फुगते आणि खाली गेलेला कोपरा वर यायला लागतो. छाटणी करा, पाणी ओढणं त्यानेही कमी होतं.

आपल्या भागापुरती आणखी एक चौकशी. गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की या जागेत पूर्वी आड होता का, पेव होतं का. जुन्या वस्त्यांत धान्याची पेवं विसरली जातात, वर भराव पडतो, वर घर उभं राहतं, आणि एखाद्या पावसाळ्यात खोलीची फरशी खाली जाते. असं निघालं तर वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवा. ती काळ्या मातीची तक्रार नाही, ती पोकळी आहे, आणि ती कुठे नि केवढी हे कळल्याशिवाय घराला हात लावू नका.

आता माझी एक चूक. सुरुवातीच्या वर्षांत एका जोडप्यासाठी मी जुलैत घर पाहिलं. भिंती स्वच्छ, दोन केसाएवढ्या रेषा. मी लेखी दिलं, "भेगा स्थिर आहेत." पुढच्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. त्याच दोन रेषा पेन्सिल जाईल एवढ्या उघडल्या होत्या. पावसाने माती फुगून भेगा मिटल्या होत्या, आणि मी मिटलेल्या भेगेला बरी झालेली भेग समजले. म्हणून एका भेटीवर मी आता निकाल देत नाही. तुम्ही घर मे महिन्यात पाहिलंत हे एका अर्थी चांगलंच झालं, सगळ्यांत वाईट अवस्था दिसली. आता तीच भेग ऑगस्ट-सप्टेंबरात बघायची. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोका, त्यांच्यातलं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजा, भिंतीवर पेन्सिलीने तारखेसह लिहा. भेगेच्या टोकालाही तारीख टाका, म्हणजे ती वाढली तर दिसेल. जुन्या पद्धतीने काचपट्टी चिकटवली तर ती तुटली एवढंच कळतं, किती हललं ते कळत नाही. पावसाळ्यात अंतर कमी झालं तर माती श्वास घेतेय. दोन्ही ऋतूंत तेवढंच राहिलं तर मालक खरं बोलत होते, कधीतरी बसलं आणि थांबलं. दोन्ही ऋतूंत वाढतच गेलं तर खाली काहीतरी चालू आहे, आणि त्या घराचा नाद सोडा.

वेळ नसेल तर चाचणी खड्डा हा दुसरा मार्ग. भेगेच्या कोपऱ्यापासून जरा बाजूला, जोत्याला लागून चार बाय चार फुटांचा खड्डा, पायाच्या तळापर्यंतच. त्याच्या खाली भिंतीलगत खणायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. त्यापुढची खोली हाताच्या ऑगरने, म्हणजे जमिनीत पिळत नेायच्या गिरमिटाने बघायची. खड्ड्यात तीन गोष्टी दिसतात. दगडी बांधकाम किती खोल गेलंय, दगडांतला चुना किंवा सिमेंट नखाने निघतंय का, आणि माती कोणती. काळ्या मातीचं ढेकूळ फोडलं आणि आत साबणासारखे गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठ दिसले तर तिथे माती मातीवर घसरलीय, म्हणजे ती चांगलीच फुगणारी आहे. ढेकूळ पिशवीत बांधून लॅबमध्ये द्या. चाचणी साधी आहे. बारीक चाळलेली दहा ग्रॅम वाळली माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये ठेवतात, रॉकेलमध्ये ती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींचं आकारमान मोजतात. रॉकेलात १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ म्हणजे फुगवटा ८० टक्के. भारतीय मानकात ५० ते १०० मध्यम, १००च्या पुढे जास्त, २००च्या पुढे फारच वाईट.

ऑगरला मुरूम किती फुटांवर लागतो, यावर दुरुस्तीचं सगळं गणित आहे. इथे मी तुम्हाला ठाम आकडा देऊ शकत नाही, कारण परभणीत एका कॉलनीत सहा फुटांवर मुरूम आणि दुसऱ्या कॉलनीत वीस फूट नुसती काळी, असं मी पाहिलंय. सात-आठ फुटांवर मुरूम असेल तर अंडरपिनिंग, म्हणजे जुन्या पायाखाली तुकड्यातुकड्याने खणून मुरमापर्यंत काँक्रीट नेणं, शक्य आहे. तुमच्या घराचा घेर १२० फूट. चार-चार फुटांचे ३० तुकडे होतात. शेजारचे दोन तुकडे एकाच वेळी उघडायचे नाहीत, म्हणून तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीला काँक्रीट पक्कं व्हायला थांबायचं, मग जुन्या पायाच्या तळाशी उरलेली फट न आकसणाऱ्या ग्राऊटने ठासून भरायची. आतल्या भिंती वेगळ्याच. अडीच-तीन महिने धरा, आणि हे काम करून अंगवळणी पडलेला ठेकेदार लागतो. बिल्डिंग बांधणारा कुणीही मिस्त्री चालत नाही. "फक्त तो एक कोपरा करून टाका" असा सल्ला मिळेल, स्वस्तही पडेल. तो एक कोपरा मुरमावर घट्ट बसेल, बाकीचं घर मातीबरोबर हलत राहील आणि सांध्यावर नवी भेग पडेल.

मुरूम फार खोल असेल तर अंडरपिनिंग विसरा. मायक्रोपाइल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले बारीक खांब होतात, पण या आकाराच्या घराला तो खर्च परवडत नाही. तेव्हा पाण्याचा बंदोबस्त एवढाच उपाय, आणि तो कमी लेखू नका. घराभोवती सहा फूट रुंदीची, बाहेर उतार दिलेली पक्की पट्टी, तिच्या खाली जाड प्लास्टिकचा थर, पन्हळींचं पाणी पाइपने गटारीपर्यंत, सगळे चेंबर नवे, भिंतीलगतची बाग बंद. कडेच्या मातीतली ओल वर्षभर जवळपास सारखी राहावी, एवढाच यामागचा हेतू. हालचाल पूर्ण थांबत नाही, पण एक-दोन वर्षांत ती सुसह्य होते. भेगा त्यानंतर भरायच्या. उन्हाळ्यात उघड्या भेगेत कडक सिमेंट भरलंत तर पावसाळ्यात भिंत मिटायला बघेल, मध्ये सिमेंट आडवं येईल, आणि ती दुसरीकडे फुटेल.

वरच्या मजल्याचा विचार या घरापुरता सोडा. "वजन वाढवलं की पाया दबून बसतो" असं लोक सांगतात, त्यात तथ्य इतकंच की हलकं घर माती जास्त उचलते. पण तीन-चार फुटांच्या जुन्या दगडी पायावर, आधीच तडकलेल्या नऊ इंची भिंतींवर आणखी एक स्लॅब ठेवायला मी सही करणार नाही. भाड्याचं उत्पन्न धरून बजेट केलं असेल तर ते पुन्हा करा.

आतापर्यंतचं एका दमात: भेगेचा आकार, मग पाण्याचा माग, मग आड-पेव यांची चौकशी, मग दोन ऋतूंची मोजमापं किंवा चाचणी खड्डा, आणि मुरूम कुठे आहे त्यावरून दुरुस्ती.

राहिला भाव. अशा सौद्यात मी लोकांना घराची किंमत शून्य धरायला सांगते. त्या गल्लीत मोकळ्या प्लॉटला काय भाव चाललाय तो काढा, त्यातून घर पाडून राडारोडा उचलण्याचा खर्च वजा करा. मागितलेला आकडा त्याच्या आसपास असेल तर घ्या, भेग कितीही असो. पाच-सात वर्षं राहा, नंतर पाडून व्यवस्थित बांधा. नव्या बांधकामाला रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले अंडर-रीम पाइल आहेत. खाली कंदासारखा फुगवटा असलेले, साडेतीन मीटर किंवा जास्त खोल, आणि वरच्या बीमखाली सुमारे ८ सेंटीमीटर मोकळी फट, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढुशी देत नाही. मागितलेला आकडा प्लॉटपेक्षा बराच वर असेल तर तो फरक तुम्ही भेगा पडलेल्या भिंतींसाठी देताय. मग तो फरक आणि दुरुस्तीचा खर्च मिळून शेजारचं धडधाकट घर येतं का, ते बघा.

बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे घर तपासलं गेलं असं समजू नका. बँकेचा व्हॅल्युअर बाजारभाव बघतो, पाया नाही. आणि साठेखतापूर्वी मालकांना लेखी विचारा: पूर्वी पायाची किंवा भेगांची दुरुस्ती केली का, आड किंवा पेव बुजवलंय का, ड्रेनेजचे पाइप कधी बदलले. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण जी भेग तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिली, तिच्याबद्दल नंतर ओरडून उपयोग नाही. ती आज भावातच उतरवून घ्यायची. खरेदीखत ऑक्टोबरात आणि मधल्या काळात मोजमापं घ्यायची मुभा, अशी अट मालक मान्य करत असतील तर उत्तम. खड्डा खणू देत नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

आणि खड्डा खणलात तर तो नीट बुजवा. माती सहा-सहा इंचांच्या थरांनी भरून धुमसाने ठोका, वरचा थर जोत्यापासून बाहेर उतरता ठेवा. सैल माती ढकलून दिली तर पहिल्याच पावसात तो खड्डा नेमका त्या कोपऱ्याच्या पायाला पाणी पाजत बसेल.